लाळेतलं कॉर्टिसॉल एलायझाने मोजायचंय? पहिली प्लेट लावण्याआधी हे वाचा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला नाहीतर पीएचडीच्या पहिल्या वर्षाला "सर म्हणालेत स्ट्रेस मोजायचा, कॉर्टिसॉलचं किट मागवलंय, आता कसं करू" असं विचारणारे बरेच असतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी याआधी एलायझा (अँटीबॉडी आणि एन्झाइमच्या रंगावरून पदार्थ मोजायची टेस्ट) केलेली असते ती प्रोटीनची, म्हणजे इंटरल्यूकिन वगैरेची. तो अनुभव पिपेट धरण्यापुरता कामाला येतो, रिझल्ट वाचताना मात्र तोच आडवा येतो. म्हणून इथे एकच केस धरून सगळं सांगतो: माणसाच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसमध्ये वाढणारं हार्मोन, ९६ वेलची (छोट्या खड्ड्यांची) प्लेट, बाजारात मिळणारं रेडी किट. प्रोजेस्टेरॉन असो, टेस्टोस्टेरॉन असो नाहीतर दुधातलं अफ्लाटॉक्सिन एम-१, छोटा रेणू म्हटला की तत्त्व हेच.

आधी उलटं गणित डोक्यात बसवा

प्रोटीन मोठं असतं, त्याला एका बाजूने एक अँटीबॉडी आणि दुसऱ्या बाजूने दुसरी असं दोघी धरू शकतात, म्हणून तिथे सँडविच एलायझा चालते. कॉर्टिसॉलचं रेणूभार जेमतेम ३६२. तो एका अँटीबॉडीच्या खोबणीतच जवळजवळ अख्खा मावतो, दुसरीला धरायला काही उरतच नाही. मग करायचं काय, तर स्पर्धा लावायची. प्लेटच्या तळाला अँटीबॉडी चिकटवलेल्या असतात, मोजक्याच. त्यात तुमचं सॅम्पल टाकायचं आणि वर ठरलेल्या प्रमाणात असं कॉर्टिसॉल टाकायचं ज्याला एचआरपी नावाचं एन्झाइम जोडलेलं आहे, याला कॉन्जुगेट म्हणतात. एसटीत सीटं मोजकीच असतात, सॅम्पलमधल्या कॉर्टिसॉलने जितके रुमाल आधी टाकले तितके एन्झाइमवाले उभे राहिले, आणि वॉशिंगला उभे असलेले सगळे खाली उतरवले जातात. मागे बसून राहिलेले एन्झाइमवाले टीएमबी नावाच्या रंगहीन द्रवाला निळा करतात, ॲसिड टाकलं की पिवळा, आणि तो रीडरवर ४५० नॅनोमीटरला वाचायचा, त्या आकड्याला ओडी म्हणतात.

म्हणजे रंग गडद तर कॉर्टिसॉल कमी, रंग फिका तर कॉर्टिसॉल जास्त. हे पाठ सगळ्यांचं असतं, पण त्यातली खरी गोम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या प्रकारात अँटीबॉडीचं बाइंडिंग बिघडवणारी कुठलीही गोष्ट, मग ती सॅम्पलचा आंबटपणा असेल, प्रिझर्वेटिव्ह असेल, कॉन्जुगेट कमी पडलं असेल, ती तुम्हाला जास्त कॉर्टिसॉल म्हणूनच दिसते. सँडविचमध्ये घाण झाली की बऱ्याचदा सिग्नलच येत नाही आणि माणूस सावध होतो. इथे घाण झाली की छान मोठा आकडा येतो, आणि तुम्ही "परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांचा स्ट्रेस वाढतो" हेच दाखवायला बसलेले असता, त्यामुळे तो आकडा आवडूनही जातो! खाली जी काही पथ्यं सांगणार आहे त्यातली अर्धीअधिक याच एका कारणासाठी आहेत.

जाता जाता, ही स्पर्धेची युक्ती एलायझाची नाहीच. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये इन्सुलिनसाठी रेडिओइम्युनोअसे बसवली, तिथे एन्झाइमऐवजी किरणोत्सारी आयोडीन होतं. यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं, बर्सन तोवर गेले होते. आपल्याकडे वाशीच्या ब्रिटने (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) थायरॉइडच्या टी-३, टी-४ साठी याच तत्त्वावरची किट्स बनवली. एन्झाइम आलं ते १९७१ मध्ये, स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये जवळपास एकाच वेळी, आणि रेडिएशनचा परवाना नसलेल्या लॅब्सचीसुद्धा सोय झाली.

किट घेताना ब्रोशर नको, इन्सर्ट वाचा

किंमत आणि सेन्सिटिव्हिटी सगळेच बघतात. तुम्ही आधी इन्सर्टमधला, म्हणजे किटसोबतच्या माहितीपत्रातला, क्रॉस-रिॲक्टिव्हिटीचा तक्ता उघडा, म्हणजे अँटीबॉडी कॉर्टिसॉलसारख्या दुसऱ्या रेणूंनाही किती धरते ते कळेल.

कॉर्टिसॉल एकटं प्राण्याला टोचलं तर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनत नाही, रेणू फार छोटा, त्याला हॅप्टेन म्हणतात. म्हणून ते अल्ब्युमिनसारख्या मोठ्या प्रोटीनला जोडून टोचतात. आता जोडलं कुठे, यावर सगळा खेळ आहे. बऱ्याच किट्समध्ये जोडणी तिसऱ्या नंबरच्या कार्बनला असते, म्हणजे तो कोपरा प्रोटीनच्या आड झाकला जातो आणि अँटीबॉडीला दिसते ती लांबची बाजू. प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसॉल यांच्यात फरक काय, तर पहिल्या-दुसऱ्या कार्बनमध्ये एक जादा डबल बाँड, तोही नेमका त्या झाकलेल्या कोपऱ्याशेजारी. त्यामुळे अशा अँटीबॉडीला दोघांतला फरक नीट कळत नाही, आणि दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी प्रेडनिसोलोन घेणारा माणूस तुमच्या प्लेटवर महाप्रचंड स्ट्रेसमध्ये दिसतो. डेक्सामेथासोन मात्र बहुतेक किट्समध्ये फारसं पकडलं जात नाही.

लाळेच्या बाबतीत दुसरा भिडू म्हणजे कॉर्टिसोन. लाळग्रंथीत एक एन्झाइम असतं जे कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, म्हणून लाळेत कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलच्या काही पट असतं. समजा पाचपट आहे आणि तुमच्या किटची कॉर्टिसोनशी क्रॉस-रिॲक्टिव्हिटी फक्त ३ टक्के लिहिलीय, तरी आकड्यात १५ टक्के फुकटची भर पडली. मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या (रेणू वजनावरून ओळखणाऱ्या पद्धतीच्या) तुलनेत लाळेच्या इम्युनोअसेचे, म्हणजे अँटीबॉडीवर चालणाऱ्या टेस्टचे, आकडे सहसा जास्त येतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तेव्हा ३ टक्के वाचून "नगण्य" म्हणू नका, समोरचा रेणू सॅम्पलमध्ये किती आहे तेही बघा.

आणि सीरमचं किट लाळेला वापरू नका. सीरममध्ये कॉर्टिसॉलचा बहुतांश भाग वाहक प्रोटीनला चिकटलेला असतो, तो सोडवायला त्या किटमध्ये वेगळं रसायन असतं आणि स्टँडर्ड्सही (प्रमाण आधीच माहीत असलेली कॉर्टिसॉलची द्रावणं) त्या रेंजचे असतात. लाळेत येतं ते फक्त मोकळं कॉर्टिसॉल, सीरमच्या एकूण आकड्याच्या मानाने अगदी थोडं. लाळ निवडण्यामागचा फायदाही हाच आहे, कारण गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन वाहक प्रोटीन वाढवतं आणि सीरमचा एकूण आकडा फुगवतं, लाळेत तो घोळ बराच टळतो.

अजून एक बघायचं: किटमध्ये स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिन वापरलंय का. असेल तर केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांच्या सॅम्पलमध्ये गडबड होऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये लॅब टेस्ट्सबद्दल याचा जाहीर इशारा दिला होता. रक्तात हा प्रश्न जास्त येतो, पण प्रश्नावलीत एक ओळ घालायला काय जातं.

सॅम्पल: खरं काम इथे आहे

प्लेटवर जाणारा दिवस सोपा असतो, गोळा करण्यात महिने जातात आणि तिथेच गेम होतो. एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, हे सांगायला नकोच.

कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. उठल्यावर साधारण ३० ते ४५ मिनिटांत ते वर जातं, मग उतरत उतरत मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला. म्हणून एकाचं सॅम्पल सकाळी साडेसातला आणि दुसऱ्याचं लेक्चर संपल्यावर दुपारी दोनला असं घेऊन तुलना केली तर तुम्ही घड्याळ मोजताय, स्ट्रेस नाही. वेळ दोन प्रकारे लिहा: घड्याळातली आणि झोपेतून उठल्यापासून किती मिनिटं झाली ती. नाइट ड्युटीवाले वॉचमन, नर्सेस यांच्यात दुसरी वेळच जास्त महत्त्वाची असते.

लाळ घेण्याआधी निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, खाणं नाही, चहा नाही, ब्रश नाही, तंबाखू नाही. साध्या पाण्याने चूळ भरायला लावा आणि मग दहा मिनिटं थांबा, नाहीतर पाण्याने लाळ पातळ होते. ग्रामीण भागात सॅम्पलिंग करत असाल तर मिश्रीबद्दल आवर्जून विचारा, "तंबाखू खाता का" याला नाही म्हणणाऱ्या मावशी मिश्री लावत असतात कारण ती त्यांच्या हिशोबात दात घासण्यात येते. मिश्री चोळताना हिरडीतून रक्त येऊ शकतं, आणि लाळेला तपकिरी झाक असली की रक्ताची गुलाबी झाक दिसत नाही. रक्तात कॉर्टिसॉल लाळेच्या कैक पटीने जास्त, त्यामुळे थोडं रक्तही आकडा वर ढकलतं. गुलाबी सॅम्पल बाद, परत घ्या.

कापसाच्या बोळ्यापेक्षा सरळ लाळ ट्यूबमध्ये सोडायला लावणं चांगलं: मान खाली, तोंडात लाळ जमू द्यायची, मग कापलेल्या स्ट्रॉमधून हळूच पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबमध्ये. थुंकायला सांगितलं की फेस येतो आणि १ मिलिलिटर वाटलेलं निम्मंच निघतं. कापूस काही स्टिरॉइड्सच्या मापात लुडबुड करतो, टेस्टोस्टेरॉनला तर हमखास. हाताला हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लावलेला माणूस स्ट्रॉला हात लावतो तेव्हा काय होतं ते वेगळं सांगायला नको, हायड्रोकॉर्टिसोन म्हणजेच कॉर्टिसॉल.

लाळ खराब होऊ नये म्हणून कोणी सोडियम अझाइड टाकायला सांगेल, टाकू नका. अझाइड एचआरपीला मारतं. रंग फिका, आकडा मोठा, परत तीच गोम.

गोळा केलं की बर्फावर, आणि त्याच दिवशी उणे २० ला. फ्रीजर आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती टाइप नसावा, तो अधूनमधून स्वतःच तापतो. लाइट जाण्याचा प्रश्न असेल तिथे फ्रीजरमध्ये जेलपॅक ठासून भरून ठेवा आणि एका ट्यूबमध्ये पाण्याचा बर्फ करून वर नाणं ठेवा, नाणं खाली गेलेलं दिसलं की मधे सगळं वितळलं होतं हे कळतं. एकाच ट्यूबमध्ये सगळं ठेवण्यापेक्षा दोन-तीन भाग करा म्हणजे परत परत वितळवावं लागणार नाही.

गोठवण्याचा एक फायदाही आहे. लाळेतलं म्युसिन, तो चिकट भाग, गोठवून वितळवल्यावर गोळा होतो आणि सेंट्रिफ्यूज केलं की तळाला बसतो. १५०० जी ला १५ मिनिटं पुरतात. लक्ष द्या, १५०० जी म्हणजे १५०० आरपीएम नव्हे, जी हा गुरुत्वाच्या पटीतला जोर, आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर जवळपास ४१०० आरपीएम लागतात. १५०० आरपीएमवर फिरवलेली लाळ पिपेटच्या टोकाला तार धरते, २५ मायक्रोलिटर म्हणून १८ च जातात आणि ड्युप्लिकेट (एकाच सॅम्पलच्या दोन वेल) कधीच जुळत नाहीत.

प्लेटचा दिवस

आधी कागदावर प्लेटचा नकाशा काढा. ९६ वेल असतात पण तितकी सॅम्पल्स मावत नाहीत. शून्य धरून ७ स्टँडर्ड्स, एक एनएसबी म्हणजे अँटीबॉडी नसलेली वेल, २ कंट्रोल्स (आकडा आधीच माहीत असलेली तपासणीची सॅम्पल्स), सगळं ड्युप्लिकेटमध्ये म्हणजे २० वेल गेल्या, उरल्या ७६, म्हणजे ३८ सॅम्पल्स. एकाच माणसाची सकाळ-संध्याकाळ एकाच प्लेटवर ठेवा, आणि केसेस एका प्लेटवर कंट्रोल ग्रुप दुसऱ्यावर असलं कधीही करू नका.

किट फ्रीजमधून काढून रूम टेंपरेचरला येऊ द्या, तास-दीड तास. प्लेटची पाकीट गार असताना फोडलीत तर आत दव धरतं. आणि रूम टेंपरेचर म्हणजे इन्सर्टमध्ये लिहिलेलं २० ते २५ अंश, मे महिन्यात नागपूर-जळगावकडे एसी बंद असलेल्या लॅबचं नव्हे.

पुढचे आकडे लाळेच्या किट्समध्ये साधारण असे असतात, तुमच्या इन्सर्टमध्ये वेगळे असतील तर तेच पाळायचे. प्रत्येक वेलमध्ये २५ मायक्रोलिटर स्टँडर्ड, कंट्रोल किंवा सॅम्पल. मग २०० मायक्रोलिटर पातळ केलेलं कॉन्जुगेट, मल्टिचॅनलने, न रेंगाळता. स्पर्धा असल्यामुळे कॉन्जुगेट पडलं की घड्याळ सुरू होतं, पहिल्या कॉलमला आणि शेवटच्या कॉलमला पंधरा मिनिटांचा फरक पडला तर प्लेटभर डावीकडून उजवीकडे आकडे सरकत गेलेले दिसतात. कॉन्जुगेट पातळ करताना अगदी थोडं घ्यावं लागतं, तेव्हा टिपच्या बाहेर लागलेला थेंब पुसून घ्या आणि सगळ्या प्लेटला पुरेल इतकं एकदाच बनवा, अर्ध्यात संपलं म्हणून दुसरं बनवलंत तर त्या दोन वेगळ्या टेस्ट झाल्या.

तासभर इन्क्युबेशन, मग ३०० मायक्रोलिटरने चार वेळा वॉश, प्रत्येक वेळी प्लेट उलटी करून टिश्यूवर चांगली आपटायची. वॉश कच्चा राहिला तर मोकळं कॉन्जुगेट मागे राहतं, रंग गडद येतो आणि इथे मात्र आकडा खोटाच कमी येतो. मग टीएमबी २००, अंधारात अर्धा तास, नंतर स्टॉप सोल्यूशन ५०, हिरवं कुठेही राहू देऊ नका, हलकेच टिचक्या मारा, आणि दहा मिनिटांच्या आत वाचा. रीडरला लावण्याआधी प्लेटचा तळ पुसा, बोटाचा ठसासुद्धा ओडी वाढवतो.

आकड्यांचं काय करायचं

एक्सेलची सरळ रेघ इथे चालत नाही. स्टँडर्ड्सच्या ओडीवरून काढलेला हा कर्व्ह उलट्या एस सारखा असतो, त्याला फोर पॅरामीटर लॉजिस्टिक फिट लावायचा, रीडरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो, फुकटातही मिळतो. चार पॅरामीटर म्हणजे वरचं टोक, खालचं टोक, मधला बिंदू आणि उतार.

आधी प्रत्येक ओडीतून एनएसबी वजा करा आणि शून्य स्टँडर्डशी भागा. समजा शून्य स्टँडर्ड १.८०, एनएसबी ०.०५ आणि सॅम्पल ०.९० आलं. ०.८५ भागिले १.७५, म्हणजे जवळजवळ ४९ टक्के. हे सॅम्पल कर्व्हच्या पोटात आहे, भरवशाचं आहे. ८० टक्क्यांच्या वर आणि २० च्या खाली कर्व्ह आडवा होत जातो, तिथे ओडीत केसाएवढा फरक पडला तरी कॉन्सन्ट्रेशन दीडपट होऊ शकतं. म्हणूनच ड्युप्लिकेटचा सीव्ही (सरासरीच्या मानाने आकड्यांतला फैलाव, टक्क्यांत) ओडीवर काढून खूश होऊ नका. ०.९० आणि ०.९८ चा सीव्ही ६ टक्के येतो आणि मध्यावर तो ठीक आहे, पण टोकाला ओडीतल्या याच ६ टक्क्यांचा कॉन्सन्ट्रेशनमध्ये पार बोजवारा उडतो. सीव्ही कॉन्सन्ट्रेशनवर काढा, १५ टक्क्यांवर गेला की ते सॅम्पल परत लावा. रात्रीची सॅम्पल्स मुळातच कमी असतात, ती वरच्या आडव्या भागात जातात, त्यांचं आधीच ठरवून ठेवा.

युनिटचा घोळ फार होतो. १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर. दुसऱ्याच्या पेपरशी तुलना करण्याआधी हा गुणाकार करा.

आता त्या दोन टेस्ट्स ज्या सगळे टाळतात कारण किटवर "व्हॅलिडेटेड" छापलेलं असतं. ते त्यांच्या सॅम्पल्सवर केलेलं असतं, तुमच्या नाही.

पहिली, रिकव्हरी. ४ नॅनोमोलच्या लाळेत अजून ६ वाढतील इतकं स्टँडर्ड घाला. १० यायला हवेत. ९.४ आले तर घातलेल्या ६ पैकी ५.४ सापडले, म्हणजे ९० टक्के, चांगलं आहे. ८० ते १२० च्या बाहेर गेलं की काहीतरी अडकतंय.

दुसरी, पॅरालेलिझम, आणि माझ्या मते एकच करायला वेळ असेल तर हीच करा. एखादं वरचं सॅम्पल घेऊन किटच्या बफरमध्ये दुप्पट, चौपट, आठपट पातळ करा, मोजा आणि परत गुणून घ्या. २४, २३, २५ असं आलं तर झकास. पण २४, १९, १५ असं उतरत गेलं तर समजायचं की त्या २४ मधला बराचसा भाग कॉर्टिसॉल नाहीच, लाळेतलं दुसरं काहीतरी बाइंडिंग अडवत होतं आणि पातळ केल्यावर त्याचा जोर ओसरला. मग पीएच बघा, सेंट्रिफ्यूज परत करा, नाही जमलं तर सगळीच सॅम्पल्स ठरावीक प्रमाणात पातळ करून लावा. केसातलं कॉर्टिसॉल काढणाऱ्यांना तर ही टेस्ट चुकवताच येत नाही, कारण ते मेथॅनॉलने ओढून, सुकवून, बफरमध्ये विरघळवून आणतात आणि मेथॅनॉलचा अंश राहिला तरी बाइंडिंग बिघडतं. जंगली प्राण्यांच्या विष्ठेत तर मूळ कॉर्टिसॉल जवळजवळ नसतंच, त्याचे तुकडे असतात, तिथे मुळात अँटीबॉडीच वेगळी निवडावी लागते.

रिपोर्ट लिहिताना किटचं नाव आणि लॉट नंबर, प्लेटच्या आतला आणि दोन प्लेट्समधला सीव्ही, किती सॅम्पल्स रेंजबाहेर गेली आणि त्यांचं काय केलं, हे सगळं येऊ द्या. रेंजखालच्याला शून्य लिहू नका, "मोजमर्यादेखाली" असं लिहा. रात्रीच्या लाळेतलं कॉर्टिसॉल कुशिंग सिंड्रोमच्या (शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजाराच्या) तपासणीत खरंच वापरतात, पण रिसर्चच्या किटवर आलेल्या आकड्यावरून कोणाला तसं काही सांगायला जाऊ नका, कटऑफ प्रत्येक पद्धतीचा वेगळा असतो. कोणाचं सॅम्पल खरंच विचित्र वर आलं तर आधी औषधांची प्रश्नावली उघडा, मग दुसऱ्या ट्यूबमधून परत लावा, आणि तरीही वरच राहिलं तर ते एक सॅम्पल मास स्पेक्ट्रोमेट्री करून देणाऱ्या लॅबला पाठवा, पुढचं काय ते एथिक्सच्या अर्जात लिहिलेल्या डॉक्टरांनी ठरवायचं.